श्रावणात खिम्याची डबी

माथेरानच्या ज्या हॉटेलात मी चौदा वर्षं किचनमध्ये राबले, त्याच्या नव्या मालकाने एका सकाळी दारावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी लावली आणि मला सांगितलं, उद्यापासून तू ठेपले लाट. मी लाटले नाहीत. ठेपल्यांशी माझं वैर नाही, चांगला पदार्थ आहे. पण चौदा वर्षांत हाताला लागलेलं काम एका पाटीने पुसून टाकायचं आणि वर हसून ‘हो शेठ’ म्हणायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. त्याच महिन्यात आम्ही नवरा-बायको पगार घेऊन खाली उतरलो. नवरा त्याच हॉटेलात रूमवर कामाला होता. पाहुण्यांच्या बॅगा वाहून त्याचे गुडघे तसेही गेलेलेच होते, त्यामुळे त्याला माझ्या रागाचं निमित्त बरंच झालं.

माझं काम म्हणजे मीट पाय. हॉटेलच्या कार्डावर तसं लिहिलेलं असायचं. आम्ही किचनवाले मात्र त्याला डबी म्हणायचो, कारण खाली मैद्याची वाटी, आत खिमा आणि वर मैद्याचंच झाकण. तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने मला ती शिकवली. मैद्यात थंडगार वनस्पती तूप घालायचं, बोटांच्या टोकांनी रव्यासारखं होईपर्यंत चोळायचं, बर्फाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि हात आवरायचा. पोळीच्या कणकेसारखा मळला की तो मैदा मेलाच. खिमा कांदा-बटाट्याबरोबर शिजवून पार गार करायचा, नाहीतर डबीचं बूड ओलं होऊन बसतं. झाकणाला मधोमध एक भोक पाडायचं. “वाफेला वाट नाही दिली तर डबी फुटते,” म्हातारा सांगायचा. मला ते वेगळं शिकवायची गरज नव्हती. माझी वाफ लहानपणापासून तोंडावाटे बाहेर पडत आलेली आहे.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला आमचं घर आणि घरापुढे सासऱ्यांनी बांधलेली पत्र्याची शेड. शेड दोघा भावांची समाईक. मी बंद पडलेल्या एका बेकरीचा जुना ओव्हन विकत घेतला, तो टेंपोतून आणून शेडमध्ये उतरवला, आणि थोरले दीर संध्याकाळी हजर. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. मी समोर उभी असले तरी ते नवऱ्याकडे बघून बोलतात, आणि मी त्यांच्याकडे बघून उत्तर देते. गावाला आता त्याची सवय झाली आहे.

“हिला सांग रं, टायरवाला शेडचं म्हैन्याला आठ हजार द्यायला तयार हाय,” ते नवऱ्याला म्हणाले. “चार तुजं, चार माजं. आयतं. हिच्या वड्या-बिड्यांत काय हाय?”

“भावजी, त्या वड्या नायत,” मी म्हणाले. “आनि आठ हजार मीबी सोडवीन. तुमचं चार तुमाला घरपोच.”

“गनपतीपरत बघू. चार म्हैनं. चार म्हैन्यांत बत्तीस हजार सुटलं तर शेड हिची. नाय सुटलं तर टायरवाल्याची.”

नवरा मान खाली घालून उभा. मी हो म्हणून टाकलं. शेड गेली तर पुढे काय, हे मला चांगलंच ठाऊक होतं. आसपासच्या एखाद्या कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची, नाहीतर परत वर जाऊन ठेपले. पन्नाशीला आलेल्या बाईला तिसरं कोणी काही देत नाही.

डबीची किंमत मी साठ रुपये ठेवली. मटण, मैदा, तूप, गॅस सगळं धरून मला एक डबी पंचेचाळीसला पडायची. म्हणजे पंधरा सुटायचे. माझी मजुरी मी धरली नाही. बाईच्या मजुरीचा हिशेब घरात कोणी धरत नाही, आणि इतर वेळी त्यावरून मी भांडले असते, पण इथे धरली असती तर खेळ सुरू व्हायच्या आधीच मी हरले असते. ओव्हनमध्ये एका वेळी चाळीस डब्या मावत. चाळीसला पंधराने गुणलं, त्याला तीस दिवसांनी गुणलं आणि आलेल्या आकड्याकडे बघून मी खुशीत झोपले. टायरवाल्याच्या दुप्पट होत होते.

बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. मी याच मातीत जन्मले, इथेच वाढले, आणि तरी तीस दिवसांनी गुणलं! चौदा वर्षं हॉटेलात काढल्यावर माणूस विसरतो की खाली वार असतात. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातही एकादशी आली की गेला. पहिल्या सोमवारी मी चाळीस डब्या काढल्या आणि सहा खपल्या. उरलेल्या चौतीस डब्यांकडे बघत मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. तेव्हापासून फक्त तीन वार ओव्हन पेटवायचा असं ठरवलं, आणि त्या तीन वारांना साठ-सत्तर डब्या काढायला लागले. कंपन्यांतले कामगार, हायवेचे ड्रायव्हर, सुट्टीला कर्जतच्या फार्महाऊसवर निघालेले मुंबईवाले, सगळे यायचे. मुंबईवाले फोटो काढायचे, कामगार खायचे. मला कामगार आवडायचे.

दोन महिने बरे गेले. मग आषाढाची पौर्णिमा झाली आणि धंदा अचानक बसला. मला काही कळेना. आमच्या लोकांचा तर आषाढ म्हणजे श्रावणाआधी खाऊन घ्यायचे दिवस, गटारीपर्यंत घराघरांत मटण शिजत असतं. पण घरी शिजतं म्हणून तर माझ्याकडे कोणी येत नव्हतं, आणि ज्यांच्या घरी शिजत नाही ते कामगारही येईनात. शेवटी दर खेपेला दोन डब्या खाणाऱ्या एका वेल्डरला मी रस्त्यात अडवलं. उत्तर प्रदेशातला माणूस. विचारलं, माझ्या मटणाला वास आला का रे बाबा?

“नहीं भाभी,” तो ओशाळून म्हणाला. “हमारा सावन लग गया ना.”

सावन? आमच्या श्रावणाला अजून पंधरा दिवस होते. तेव्हा त्याने मला समजावलं. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आमचा अमावस्येनंतर. त्यांचा श्रावण आमच्याआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीला संपतो. मी तिथेच रस्त्यात बोटं मोजायला लागले. आताचे पंधरा दिवस ते खाणार नाहीत, त्यापुढचे पंधरा कोणीच खाणार नाही. पण राखीपासून आमच्या अमावस्येपर्यंतचे पंधरा दिवस? आम्ही घेवड्याची भाजी खात बसणार आणि ही सगळी माणसं महिन्याभराची भुकेली असणार. आणि हायवेवरची अर्धी खानावळवाली मंडळी श्रावण म्हणून मटण बंद ठेवणार.

राखीच्या दुसऱ्या दिवशी मी ओव्हन पेटवला.

घरात काय झालं ते सांगते. जाऊबाई आमच्या आडावर पाण्याला यायच्या बंद झाल्या. नवरा म्हणाला, “अगं, शिरावनात मटान? लोक तोंडात शेन घालतील.” मी म्हणाले, “घालू दे, शेन उपासाला चालतं. दोनच आठवडं हायत.” तो हसला आणि मग हसलो म्हणून घाबरला. शेवटी गुपचूप कांदा चिरायला बसला. मी स्वतः श्रावण मोडला नाही, हे मात्र नीट ऐका. एक तुकडा तोंडात घातला नाही, सोमवार धरले, शुक्रवारी जिवतीची पूजा केली. देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं. फक्त माझा उपास मी हायवेवरून जाणाऱ्या परक्या माणसाच्या गळ्यात का बांधायचा, एवढंच मला कोणी समजावून सांगेना.

अडचण एकच होती. खिमा चाखायचा कोणी? मीठ हाताच्या अंदाजाने, मसाला वासावर. पहिली डबी रोज त्या वेल्डरला फुकट द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. तो चावायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, “नमक थोडा और.” दुसऱ्या दिवशी चिमूटभर वाढवायचे. आठ दिवसांत हात असा बसला की पुढे त्याने नुसता अंगठा वर करायला सुरुवात केली. त्या पंधरवड्यात वार पाळायचा प्रश्नच नव्हता, रोज ओव्हन पेटायचा, रोज पाटी रिकामी व्हायची. गावातलेही चारजण येऊन गेले. “पावन्यांसाटी पायजेत,” म्हणत, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून. कोणाचे पाहुणे ते मी विचारलं नाही. त्यांच्या बायकांनी मला नाक्यावर बोल लावले तेव्हाही मूग गिळून बसले. गिऱ्हाइकाची अब्रू सांभाळणं हाही धंद्याचाच भाग आहे.

हरतालिकेच्या दिवशी दीर आले. मला निर्जळी उपास, पोटात थेंब नाही, आणि चार महिन्यांचा हिशेब वहीत तयार. पण ते आधी वहीबद्दल बोललेच नाहीत. गणपती आमचा एकच, मोठ्या घरी बसतो, खर्च दोघा भावांत निम्मा निम्मा. ते मूर्ती आणायला निघाले होते.

“हिस्सा दे रं,” ते नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी गल्ल्यातून नोटा काढल्या, मोजल्या, नवऱ्याच्या हातात दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. मग म्हणाले, “आता वही दाव.”

वहीत चौतीस हजार आणि वर काही शे होते. बत्तिसाच्या वर. त्यांनी पानं उलटली, तारखा बघितल्या आणि एका पानावर बोट ठेवलं.

“हे नऊ हजार शिरावनातलं हाय. ते धरायचं नाय. पापाचा पैसा. हे काडलं तर पंचवीसच राह्यलं. उद्यापरवा टायरवाल्याला बोलावतो.”

चार महिने त्या तापलेल्या पत्र्याखाली मी उभी राहिले होते, मैद्यातलं तूप वितळू नये म्हणून पहाटे उठून हात बर्फाच्या पाण्यात बुडवत होते, आणि हा माणूस एका बोटाने पंधरा दिवस पुसून टाकत होता. पाटी लावणारा शेठ तरी परका होता.

“भावजी,” मी म्हणाले, “मग आमचा हिस्सा काडा खिशातनं.”

“काय?”

“गल्ल्यात दुसरं पैसं न्हवतंच. बाकीचं घरात लागलं, मैदावाल्याला, खाटकाला दिलं, तुमचं तुमाला पोचवलं. आता दिलं ते शिरावनातलंच हाय. खिम्याचं. पापाचं असंल तर गनपतीला कशाला? काडा आनि ठिवा हितं.”

त्यांचा हात खिशापर्यंत गेला. नोटा कपाळाला लावून झाल्या होत्या, मूर्तीवाला वाट बघत होता. नवऱ्याने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

“दुसरं नायतच का गं?” त्यांनी विचारलं. मलाच विचारलं.

“नायत. ह्येच हायत. मी कमावल्यालं.”

त्यांनी वही मिटून ओव्हनवर ठेवली, चपला घातल्या आणि खिशातल्या पैशांसकट मूर्ती आणायला गेले. त्यानंतर टायरवाल्याचं नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरी आरतीला मी मागे, बायकांच्या घोळक्यात उभी राहिले नाही. सगळ्यांत पुढे, मूर्तीसमोर जाऊन उभी राहिले, आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मला कोणी बाजूला सरक म्हणालं नाही.