पेटीला दार नव्हतं

आमचे काका सुतार, आणि सुतारापेक्षा हट्टी जास्त. कारखान्यातून रिटायर झाल्यावर रिकामा वेळ त्यांना खायला उठायचा. म्हणून काकूच एकदा म्हणाली, "अहो, मळक्या कपड्यांना एक पेटी करा की. बाथरूमबाहेर रोज ढीग पडतो. पण कपडे काढायला पुढून, खाली दार ठेवा हं. माझी कंबर दुखते."

काका कामाला लागले. बैठकीत भुसा, स्वयंपाकघरात भुसा, काकूच्या चहातसुद्धा भुसा. पेटी मात्र देखणी झाली. सागाची, कमरेएवढी उंच, हवा खेळायला बाजूंना फटी, एकही खिळा नाही. आणि दारही नाही. वर नुसतं झाकण.

"पुढून कापलं की चौकट खिळखिळी होते," काका म्हणाले. "तुझ्या कंबरेपायी मी माझं काम बिघडवू?"

असं कुणी बायकोला म्हणतं का? मला अजून त्याचा राग येतो. काकूनं मात्र ते हसण्यावारी नेलं. पाहुणे आले की काका मजबुती दाखवायला पेटीवर चढून उभे राहायचे. आणि काकू रोज काठावर पोट टेकवून, डोकं आत घालून, तळातले मोजे उपसायची. "एक दिवस मी यातच राहायला जाणार," म्हणायची.

काही वर्षांनी एका सकाळी ती अशीच वाकली आणि तिला सरळच होता येईना. डॉक्टर म्हणाले, मणका सरकलाय, आता वाकायचं नाव काढू नका.

धुणं काकांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच दिवशी तळातला टॉवेल काढताना काठ त्यांच्या बरगड्यांत रुतला. ते तिथेच जमिनीवर बसले.

"रोज असंच दुखायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज," काकू पलंगावरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत काढली. पुढून कापलं, तरी चौकट तसूभरही हलली नाही. पितळी बिजागऱ्या लावून दार बसवलं, मूठ काकूच्या हाताला येईल अशी. मग तिला धरून आणलं. तिनं दार उघडलं, लावलं आणि परक्या घरातलं कपाट बघावं तशा सुरात म्हणाली, "छान झालंय हो."

"चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं गं," काका मला अजून सांगतात. "ती नुसतं छान म्हणाली."