बिनखड्ड्याचा माग

नाथाजी सनगरानं पंचावन्न वर्षं खड्ड्यात पाय सोडून काढली. घोंगडीचा माग जमिनीलगत असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो, तिथल्या दोन पट्ट्या आळीपाळीनं दाबतो आणि वर हातानं आडव्या सुताचा धोटा फेकतो. पाय चालले तर हात चालतात. खड्डा नसला तर माग म्हणजे नुसती लाकडं.

म्हसवडच्या यात्रेत त्याची घोंगडी लांबून ओळखू यायची. काठ कुठं वाकडा नसायचा. एक धागा चुकलेला दिसला की तो हातभर विणलेलं उसवायचा, मग गिऱ्हाईक दारात बसलेलं का असेना. त्याची बायको रंगूबाई, सूत कातून कातून बोटं वाकडी झालेली, वैतागायची.

"आवं, गिऱ्हाइकाला दिसतंय व्हय त्ये?"

"मला दिसतंय न्हवं."

गावात एके काळी सात माग होते. विणकर मंडळाच्या पाटीवर सात नावं राहिली, चालता माग एकट्या नाथाजीचा. मुलगा अर्जुना विट्याला यंत्रमागावर जायचा. तो खड्ड्यात उतरणार नाही हे नाथाजीनं कधीच ओळखलं होतं. आपल्यामागं माग बंद पडणार, एवढंच एक त्याला सलत होतं.

अशात हायस्कुलाचे मुख्याध्यापक रविराज सर घरी आले. माणूस तरुण, बोलायला गोड.

"आबा, शाळेला अनुदान मिळतंय. गावातल्या संस्थेशी, म्हणजे तुमच्या विणकर मंडळाशी, शाळा जोडायची आहे. चाळीस पोरांनी तुमच्याकडून चाळीस तास विणकाम शिकायचं आणि एक घोंगडी स्वतः विणायची."

"पोरांच्या हातची?"

"पोरांच्याच हातची."

नाथाजीनं मनात हिशेब केला. चाळीस पोरांतली अडतीस पळतील. दोन टिकली तरी बास.

घरात चाळीस पोरं मावणार नव्हती. सर म्हणाले, माग शाळेत आणा, पूर्वेच्या खोलीत खड्डा खणून देतो. रंगूबाई चुलीपुढून म्हणाली, "आदी खड्डा खणू द्या, मग माग हलवा."

"सर सांगत्यात न्हवं."

"सांगत्यात सर. खणतंय कोण?"

जन्मात ज्यानं माप घेतल्याशिवाय ताणा लावला नाही, त्यानं या एका कामात घाई केली. प्रत्येक लाकडावर खडूनं आकडा टाकला, पोत्यात बांधलं, टेम्पोत चढवलं.

घरात उघडा खड्डा राहिला. नातू रांगायला लागला होता. सून सोनिया खड्ड्यावर फळी टाकायची आणि पोर नेमकं फळीकडंच जायचं. अर्जुना म्हणाला, "आबा, माग गेलाच हाय तर बुजवूया की."

नाथाजीनं गडी लावला नाही. मुरूम आणला, वीतभर थर टाकला, पाणी मारलं, धुमसानं ठोकला, मग वरचा थर. चार दिवस लागले. वर शहाबादी फरशी बसवली. काम केलं ते असं, की वर ट्रक उभा केला तरी खचू नये.

शाळेकडून निरोप येईना. दिवाळी झाल्यावर तो स्वतः गेला. माग भिंतीवर होता. खिळे मारून टांगलेला, व्हार्निश लावलेला, खाली नावांच्या चिठ्ठ्या. धोटा उलटा बसवला होता.

"खड्डा?"

सरांनी त्याला खुर्ची दिली. "आबा, खोलीत नवी फरशी झाली. त्यात खड्डा घेतला आणि एखादं पोर पडलं, तर आईबाप माझा गळा धरतील."

त्याच कारणानं नाथाजीनं घरचा खड्डा बुजवला होता.

"मग भाईर लिंबाखाली घ्या. मी खणतो."

"परवानगी लागते, आबा. दुसऱ्या वर्षाचं अनुदान येऊ द्या. त्यात खड्डा आणि वर पत्र्याचं शेड मागतो. शब्द देतो."

तोवर दर शनिवारी पोरं पुठ्ठ्याला खाचा पाडून दुकानातला रंगीत धागा त्यात गुंतवायची. नाथाजी लोकर घेऊन जायचा. लोकर हातात दिली की पोरं नाक धरायची. सृष्टी नावाची आठवीतली एक मुलगी तेवढी पुढं बसायची. तिनं भिंतीकडं बघत विचारलं, "आबा, ह्यात पाय कुठं ठेवायचं?"

"खड्ड्यात."

"खड्डा कुठाय?"

मागून कोणतरी ओरडलं, "सर खणायला लागल्यात, थांब जरा!" सगळा वर्ग हसला. नाथाजीही हसला. चौथ्या शनिवारी तो गेला नाही. शाळेनंही बोलावलं नाही.

फेब्रुवारीत सरांचा निरोप आला. तपासणीला साहेब येणार, आबांनी यावं आणि मांडायला घरातली एक घोंगडी आणावी. नाथाजीनं पेटीतली चांगली घोंगडी काढली. रंगूबाईनं विचारलं, "मांडायला मंजे कशापायी?"

"मांडायला मंजे मांडायला."

ती घोंगडी टेबलावर, फुलांच्या शेजारी ठेवली. साहेबांनी ती उचलली, काठावरून अंगठा फिरवला.

"ही मुलांनी विणली?"

सृष्टी उभी राहिली. हात बांधून तिनं पाठ केलेलं म्हटलं, "हो साहेब. चाळीस तासांच्या प्रशिक्षणात आम्ही खड्डामागावर ही घोंगडी विणली." बोलताना तिचे कान लाल झाले. तिनं नाथाजीकडं बघितलं नाही.

साहेब वळले. "काय आजोबा, शिकली का मुलं?"

रविराज सर नाथाजीकडं बघत होते. नाही म्हटलं, तर चाळीस पोरं साहेबांपुढं खोटी पडणार, ही पोरगी सगळ्यांत आधी. दुसऱ्या वर्षाचं अनुदान जाणार, आणि त्याबरोबर खड्डाही.

"शिकली," नाथाजी म्हणाला.

"शाबास!" साहेब म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

घरी रंगूबाईनं विचारलं, "काय म्हणला सायेब?"

"शाबास म्हणला."

"आन् घोंगडी कुठाय?"

"ऱ्हायली तिथंच." तो भिंतीकडं तोंड करून पडला.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या वर्षाचं अनुदान आल्याचं कानावर आलं. नाथाजीनं पहार खांद्यावर टाकली, घमेलं घेतलं आणि शाळेत गेला. सरांनी पहारीकडं बघितलं आणि कपाटातून कागद काढला.

"आबा, खड्डा नामंजूर झालाय. हा साहेबांचा शेरा बघा. प्रशिक्षण पूर्ण, विद्यार्थी विणकामात तयार. तयार झालेल्या पोरांना आता खड्डा कशाला, असं वरून विचारतायत. मी काय उत्तर देऊ? तुम्हीच साहेबांसमोर सांगितलंत."

"मग यंदा काय?"

"यंदा लेझीम मंडळ. मागासाठी काचेची पेटी मंजूर झालीय. धूळ बसणार नाही."

"माझा माग परत द्या, सर."

"शाळेच्या वस्तूंत नोंद झाली, आबा. आता मला हलवता येत नाही."

नाथाजी आवाज चढवू शकला असता. तसा तो गावात तापट म्हणूनच ठाऊक होता. पण कागदावर लिहिलेलं त्याच्याच तोंडचं होतं. त्यानं कागद परत दिला आणि बाहेर आला.

मैदानात लेझीम चालली होती. ठेका कोणाचाच कोणाला जुळत नव्हता. सृष्टी रांगेतून धावत आली. आता नववीत गेली होती.

"आबा, यंदा शिकवायला येणार न्हाईसा?"

नाथाजीनं पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तुमी शिकलाय की," तो म्हणाला. "सायबानं लिवलंय."