पुलावरची जोडसायकल

काल बागेत दोन मैत्रिणी जोडसायकल, म्हणजे दोघांनी मिळून पायडल मारायची सायकल, चालवताना दिसल्या. पुढची हँडल धरून आभाळ बघत होती आणि मागची घामाघूम झाली होती. मला हसू आलं, आणि मग लाज वाटली.

मुलाकडे गेलो होतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध लाल पूल मी आणि पत्नी सुमनने अशाच सायकलवरून पार केला. पुढे मी, मागे ती. तेव्हापासून सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना मी सांगत आलोय, "या वयात हिला मागे बसवून नेलं!"

खरं म्हणजे चढावर मी पायडलवर पाय नुसते ठेवले होते. खाली जहाजं होती, वर धुकं होतं, आणि सायकल आपोआप चालली होती. वाटलं, वारा पाठीमागून असेल. घरात, नोकरीत, किती चढ मी असाच वारा समजून चढलो असेन!

आज सुमनला सोबत नेऊन मित्रांसमोर हे कबूल केलं. सगळे खो खो हसले.

"अहो, मला तेव्हाच कळलं होतं," सुमन म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला दम कुठे होता! त्याचं काही नाही हो. पण एवढा पूल पार केला, आणि मला दिसली फक्त तुमची पाठ."

घरी येताच मुलाला फोन लावला. म्हटलं, "आम्ही पुन्हा येतोय. आईला पूल बघायचाय."