कीमॅन काकांचा कान

कीमॅन काका व्हॉलीबॉलची मॅच डोळे मिटून बघत. 'बघत' हाच शब्द बरोबर आहे, कारण मॅच संपल्यावर कोणत्या पॉइंटला कोण चुकलं हे आम्हा खेळणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असे. रेल्वे कॉलनीच्या मागच्या मैदानाच्या कडेला रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बसायला टाकले होते. गमछा मांडीवर ठेवून, पाय लांब करून, डोळे मिटून ते तिथं बसत. बाहेरून आलेल्या टीमच्या मुली एकमेकींना कोपर मारून हसत, की बाबा झोपले. झोपलेले बाबा मध्येच म्हणत, "डबल टच होता तो. सोडून देल्ला." मग रेफरी शिट्टी चाचपत दुसरीकडे बघू लागे.

ते रेल्वेत कीमॅन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडी टाकून रुळाच्या काठानं चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी तपासायची, ढिली असेल ती ठोकून बसवायची. उभा जन्म त्यांनी हेच केलं. "डोळा फसते पोरी, कान नाही फसत," ते म्हणत. "चावी पाहाले टाइट दिसते. ठोकली की मंग खरं बोलते." खेळालाही त्यांचा हाच कायदा. बॉल उचलून देणाऱ्या सेटरच्या बोटांतून सुटताना काहीच ऐकू आलं नाही, तर सेट चांगला. थप्प झालं, तर बिघडला. पुढे स्मॅश कुणी मारला हेही त्यांना आवाजावरून कळे. आमच्या टीममधल्या शोभादीदीचा हात जड पडायचा आणि पूनमचा हलका, पण टोकदार.

एवढा कान, पण मैदानाला लागून लाइन होती. मालगाडी आली की काकांची मॅच दिसायची बंद होई. मग ते डोळे उघडत आणि त्रासून म्हणत, "आता काय झालं ते सांगा बापा कोणी." आम्ही गाडी जाईपर्यंत खेळतच असू. आज त्या संध्याकाळी आठवल्या की मला नेमकं तेच दिसतं: डबे संपता संपत नाहीत, हिवाळ्याचं ऊन धुळीत उतरलंय, बॉल वर गेलाय आणि कुणाच्याच तोंडचा आवाज येत नाही. मी अजूनही कधी दुपारी पडल्या पडल्या तिथं जाऊन येते.

मी टीमची दुसरी सेटर होते. व्हॉलीबॉलमध्ये सेटर म्हणजे घरातली कर्ती बाई. दुसरा टच तिचा, बॉल कुणाला द्यायचा ते तीच ठरवणार. पहिली सेटर होती प्रणाली, काकांची मुलगी. तिची बोटं अशी, की बॉल कधी आला नि कधी गेला कळू नये. मी दोन वर्षं बाकावर बसून तिला पाणी देत होते आणि तिचा हेवा करत होते. काकांनी माझं नाव 'स्टेपनी' ठेवलं होतं. मला राग यायचा. एकदा मी तोंड फुगवून बसले, तेव्हा म्हणाले, "काहून रागावते? ज्याची स्टेपनी पंक्चर, त्याची गाडी जंगलात उभी." हे बोलणं माझ्या आईला फार आवडलं होतं. तात्यापाऱ्यात, आमच्या मराठी वस्तीत, तिनं ते घरोघर सांगितलं आणि माझी उरलीसुरली इज्जत घालवली.

पुढे प्रणालीचा गुडघा मुरगळला. भिलाईला स्पर्धा होती, तिच्या महिनाभर आधी. तिथं रेल्वेचे साहेब खेळाडू बघायला येणार होते. जी चमकेल तिला खेळाच्या कोट्यातून नोकरी, हे सगळ्या जाणून होत्या. आमच्या कोच सरांनी ठरवलं की आधीचे तीन सामने मी खेळायचे. तिसऱ्यानंतर काकांनी सांगायचं, भिलाईला पहिली सेटर कोण. आमच्या मैदानावर ही जुनी रीत होती. सर शिकवायचे, पण कुणाला खेळवायचं ते काकांच्या कानावर सोपवायचे. काकांची मुलगीच टीममध्ये आल्यावरही रीत बदलावी असं कुणाला सुचलं नाही. काकांनाही नाही.

पहिला सामना आम्ही आरामात जिंकलो. लोक टाळ्या वाजवत होते, शोभादीदीनं मला उचलून फिरवलं. ती आमची कॅप्टन आणि वयानं सगळ्यांत मोठी. मी तरंगत काकांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले. "बोटं चांगली आहेत तुही. आवाज नाही आला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण एकच हात वाजून राहिला होता." मला वाटलं, म्हातारा खुसपट काढतोय. जिंकलेल्या माणसाला कान नसतातच.

दुसरा सामना बीरगांवच्या मुलींशी. त्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुली, अंगानं मजबूत आणि नजरेनं त्याहून तिखट. माझ्या हातात बॉल यायच्या आधीच त्यांच्या दोघी नेटजवळ शोभादीदीसमोर हात वर करून उभ्या राहत. बॉल दीदीकडेच जाणार हे त्यांना ठाऊक असायचं आणि तो जायचाही. आम्ही सरळ दोन सेटमध्ये आपटलो. मी स्लीपरवर बसून रडत होते. काका शेजारी येऊन बसले.

"घरी पंगतीत कोणाले पहिले वाढते तू?" त्यांनी विचारलं.

"आजोबांना."

"मंग?"

"बाबांना. मग लहान काकांना."

"अन् लहान पोट्टे?"

"शेवटी."

"तेच तू इथं करून राहिली. तू खेळत नाही, वाढून राहिली. शोभाले पहिले, मंग दुसऱ्या दीदीले, पूनमच्या पानावर काहीच नाही. बीरगांवच्या पोट्ट्यांनी तुही पंगत ओळखली न!"

मी रडायची थांबले, कारण ते खरं होतं. मोठ्यांना डावलून लहानीला बॉल द्यायचा हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. कुणी तसं शिकवलं नव्हतं आणि कुणी मना केलेलंही नव्हतं. हातांना लहानपणापासूनचं वळण होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला एकच काम दिलं. सगळ्या टीमला उभं करून प्रत्येकीला नुसत्या नावानं हाक मारायची. "दीदी म्हणेस्तोवर बॉल खाली येते," ते म्हणाले. पूनमला मी खणखणीत हाक मारली. शोभादीदीपाशी आले. "शोभा..." म्हटलं आणि जीभ आपोआप "दीदी" म्हणून मोकळी झाली. सगळ्या हसल्या. पाच वेळा तेच. शेवटी दीदीच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, मैदान में मत बोल ना! बाहर डबल बोल लेना." सहाव्या वेळी मी "शोभा!" असं ओरडले आणि लगेच जीभ चावली. काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते. ते गालात हसले.

तिसरा सामना मला स्वप्नासारखा आठवतो. कुणाचे चेहरे आठवत नाहीत, नुसती बॉलची वाट आठवते. आता इकडे, मग तिकडे, मध्येच मागे. हात आपले आपण ठरवत होते. समोरच्या मुली एकीकडे उडी मारायच्या आणि बॉल दुसरीकडे पडायचा. शेवटच्या सेटमध्ये दोन्हीकडे बरोबरी होती. शोभादीदी ओरडून बॉल मागत होती. समोरच्या दोघी तिच्याकडे धावल्या. पूनम पलीकडे एकटी मोकळी होती, टीममध्ये सगळ्यांत लहान. मी बॉल पूनमला दिला. तिनं उडी घेतली, हात फिरवला आणि बॉल रेषेबाहेर टिचभर पडला. पुढच्या पॉइंटला सामना गेला. दीदीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, आता पुन्हा बाकावर.

सगळ्या स्लीपरांभोवती जमल्या. प्रणालीही होती. तिचा गुडघा जवळजवळ बरा झाला होता, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती. काका दोन महिन्यांनी रिटायर होणार होते. घरात दुसरी कुणाची रेल्वेची नोकरी नव्हती. भिलाईत प्रणाली चमकली असती तर नोकरी लागून रेल्वेचं क्वार्टर राहिलं असतं, नाहीतर बिऱ्हाड उचलून भंडाऱ्याकडे गावी जावं लागणार होतं. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी होती. माझ्या हातात अजून वर्षं होती. हे सगळं प्रत्येकीला माहीत होतं, म्हणून कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सरांनी विचारलं, "काका, बोला."

काका बराच वेळ गमछ्याची घडी करत बसले. मग म्हणाले, "प्रणालीची बोटं हिच्यापेक्षा चांगली आहेत. आजही चांगली आहेत." त्यांनी गमछा खांद्यावर टाकला. "पण तिच्या बॉलवर दोन हात वाजतात. आज म्या पाच हात ऐकले." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "भिलाईले ही खेळन."

"काका, हरलो ना आपण," सर हळूच म्हणाले.

"हव, हरलो. तो पूनमचा हात होता. बॉल बरोबर गेला होता."

प्रणाली उठली, चप्पल घातली आणि क्वार्टरकडे निघाली. चाल अजून थोडी लंगडी होती. काका तिच्या मागोमाग गेले, तिला गाठायची घाई न करता.

सकाळी मी त्यांच्या दारात गेले. मला खेळायचं नाही, प्रणालीला खेळू द्या, असं घोकून गेले होते. काका बूट घालत होते. माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "भीक देऊन राहिली का आमाले?" इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मग हातोडी उचलली आणि आवाज उतरवून म्हणाले, "जाय पोरी. प्रॅक्टिस कर." आतून प्रणाली बाहेर आली नाही.

भिलाईला मी खेळले आणि मला नोकरी लागली. काका तिथं आले नाहीत. मला वाटलं, ड्यूटी असेल. पुढे त्यांनी क्वार्टर सोडलं. सामानाच्या गाडीत प्रणाली पुढे बसली होती, काका मागे, पंख्याला आणि गाद्यांना टेकून. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी मला अर्ध्यातच धरलं आणि म्हणाले, "नोकरीत जीव लाव. साहेबाले घाबरू नको." मी मान हलवली. त्या वयात मला निरोप देता येत नव्हता. गाडी वळली आणि मी ऑफिसला गेले, एवढंच.

गेल्या वर्षी दुपारी प्रणालीचा फोन आला. काका गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. ती शांतपणे सगळं सांगत होती, नेहमीसारखी हिंदीत. मी काहीबाही बोलत राहिले, की त्यांच्यासारखा खरा माणूस मी पाहिला नाही, आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे. ते अगदी मनापासूनच होतं. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "उस शाम घर आके उन्होंने खाना नहीं खाया. मेरे घुटने पे तेल लगाते बैठे रहे. न वो कुछ बोले, न मैं. भिलाई वाले दिन भी मेरे पास ही बैठे थे."

मी उठून पंखा बंद केला.

"मेरे को मालूम था, तू मेरे से अच्छी खेलने लगी है," ती म्हणाली. "फिर भी मैं चाहती थी, पापा बस एक बार झूठ बोल दें."

 मी काकांसारखंच "हव" म्हटलं.