बोटभर पाण्याचा किनारा

मिस्त्री कुणाच्याही बाथरूममध्ये शिरले की आधी पाणी मागत. प्यायला नव्हे, ओतायला. मगभर पाणी फरशीवर ओतायचं, ते कुठे जातंय ते उकिडवं बसून बघायचं आणि मग घरमालकाकडे न बघताच सांगायचं, "ढाळ चुकलाय." घरमालक दुखावत. आपल्या वळणाबद्दलच काही बोललं गेलंय असं त्यांना वाटे. मिस्त्रींचा तसा हेतू नसे. तीस वर्षं फरश्या बसवलेल्या माणसाला पाणी कुठे जाणार हे दिसतं, आणि दिसलं की गप्प राहवत नाही, एवढंच.

त्या उकिडवं बसण्याने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी ओल्या वाळूवर अनवाणी चाला. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर होता, त्यामुळे न जाण्याचं कारण सापडेना. मिस्त्री चालायला जाऊ लागले आणि सोबत मिस्त्रीणबाईही. त्या मात्र चालत नसत. कठड्यावर पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन बसत. शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं त्यांनी वेळापत्रकं लावली होती आणि घंटा वेळेवर होते की नाही ते पाहिलं होतं. आता स्वेच्छानिवृत्तीनंतर त्यांना कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं, तरी घड्याळ हातात होतंच.

किनाऱ्यावर रोज कॉलेजातली एक मुलगी एक पातळ फळी घेऊन येई. लाट वर येऊन मागे जाताना वाळूवर बोटभर पाणी उरतं. त्या पाण्यावर फळी भिरकवायची, पळत जाऊन तिच्यावर चढायचं आणि घसरत जायचं, असा तो खेळ. याला स्किमबोर्ड म्हणतात हे मिस्त्रींना पुढे कळलं. मुलगी रोज पडे. मिस्त्रींनी तीन आठवडे ते पाहिलं. मग राहवलं नाही.

"इथे नको. वीस पावलं तिकडे हो."

"का काका?"

"इथे पाणी पळतंय. तिथे थांबतंय."

मुलगी वीस पावलं सरकली, पळाली, चढली आणि सरळ कठड्यासमोरून पुढे गेली. परत येऊन तिने फळी पुढे केली. मिस्त्री म्हणाले, माझे गुडघे. दुसऱ्या दिवशी ते पँट दुमडून आले. त्या दिवशी ते चौदा वेळा पडले. आकडा मिस्त्रीणबाईंचा. त्यांनी तो काळजीने मोजला नव्हता, समोर दुसरं काही चाललं नव्हतं म्हणून मोजला होता.

महिन्याभरात मिस्त्रींनी स्वतःची फळी केली. चांगला वॉटरप्रूफ प्लाय घेतला, कडा घासल्या, पुढचं टोक भिजवून त्यावर फरशीची सहा खोकी ठेवून ते वाकवलं आणि वर व्हार्निशचे तीन हात दिले. डॉक्टरांनी गुडघे तपासून सांगितलं, चालण्याचा फायदा दिसतोय. मिस्त्री हो म्हणाले.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग किनाऱ्याच्या टोकाला बंधारा बांधला गेला आणि वाळू दुसरीकडे निघून गेली. उरला तो किनारा छपरासारखा उतरता होता. मिस्त्री सुतकी चेहऱ्याने घरात बसले. त्याच सुमाराला परदेशी असलेल्या मुलीने फोन केला, "आई, बाबा, सहा आठवडे राहायला या. खूप बघण्यासारखं आहे." मिस्त्रींनी विचारलं, "किनारा आहे?" मुलगी म्हणाली, "देशच किनाऱ्यावर आहे, बाबा." मिस्त्रींनी फळी चादरीत गुंडाळली.

तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने चादर सोडायला लावली. फळीवर बोटाने टकटक केलं, कान लावला, उलटी करून पाहिली.

"हे काय आहे?"

मिस्त्री योग्य शब्द शोधत होते. मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "फळी." मुलीने शिकवलेल्या तीस शब्दांत तो होता. अधिकाऱ्याला उत्तर पटलं.

मुलीने फ्रिजवर एक यादी चिकटवली होती: वस्तुसंग्रहालय, राजवाडा, मनोरा, दुसरं वस्तुसंग्रहालय. जावई कॉम्प्युटरवर काम करणारे, अत्यंत सभ्य गृहस्थ. सासऱ्यांची आवड कळल्यावर त्यांनी इंटरनेटवरून आपली वेगळी यादी काढली होती: देशातले बारा सर्वोत्तम किनारे. पहिल्या शनिवारी ते मिस्त्रींना आणि मिस्त्रीणबाईंना घेऊन पहिल्या क्रमांकाच्या किनाऱ्यावर गेले. तिथे वाळू नव्हती. बटाट्याएवढे गोटे होते, मैलभर. दुसऱ्या क्रमांकावर वाळू होती, पण पिठासारखी. पाय घोट्यापर्यंत आत जाई. तिसऱ्यावर वाळूही होती आणि घट्टही होती, फक्त पाण्यात खडक होते.

"यादी करणारा खुर्चीत बसला असणार," मिस्त्री म्हणाले.

जावयांनी माफी मागितली, ते गोटे आपणच टाकले असावेत अशा आवाजात.

चौथ्या ठिकाणी ते सकाळी लवकर पोचले, तर एक ट्रॅक्टर वाळू सपाट करत फिरत होता. मिस्त्रींनी पिशवीतून पाणसळ काढली आणि वाळूवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला. ट्रॅक्टर थांबला. लोकरीची टोपी घातलेला, मिस्त्रींच्याच वयाचा चालक खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बुडबुड्याकडे पाहत राहिला आणि ट्रॅक्टरकडे परत गेला. आला तो आपली पाणसळ घेऊन. ती दुप्पट लांब होती. दोघांनी एकमेकांच्या पाणसळी हातात घेतल्या, वजन पाहिलं, बुडबुडा इकडून तिकडे नेऊन पाहिला आणि परत दिल्या. मग मिस्त्रींनी गाडीतून फळी आणून दाखवली.

चालकाची बोली जाड होती. जावयांना निम्मी कळली. त्याने वाळूवर बोटाने किनारा काढला, नदीचं मुख काढलं, त्याच्या बाजूला एक धुराडं काढलं आणि तिथे टाच रोवली. मग तीन बोटं वर केली आणि तळहात मागून पुढे गोल फिरवला.

"तीन किलोमीटर असावं," जावई म्हणाले.

"तीन किनारे सोडून पुढे, असं म्हणतोय तो," मिस्त्री म्हणाले.

यावर दोघांचं गाडीत बसेपर्यंत चाललं. मिस्त्रीणबाई मागच्या सीटवर मनगटावरच्या घड्याळाशी काहीतरी करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगीही आली. आईवडील परदेशात येऊन एका धुराड्याकडे निघाले आहेत, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. धुराडं रंगाच्या कारखान्याचं होतं. त्याच्या मागच्या कुंपणाला वळसा घालून, एक ओलसर खोलगट पट्टा ओलांडून ते चौघं पुढे गेले, आणि मिस्त्री थांबले.

समोर ओहोटीने उघडी पडलेली वाळू होती. घट्ट, करडी, दृष्टी पोचेल तिथवर सपाट, आणि तिच्यावर सगळीकडे बोटभर पाणी. एवढी मोठी, एकसलग, बिनसांध्याची फरशी मिस्त्रींनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी सवयीने पिशवीतला मग काढून मगभर पाणी ओतलं. ते कुठेच गेलं नाही. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला.

"कुणी बसवली असेल ही?" ते म्हणाले.

मग त्यांनी पँट-सदरा उतरवला आणि ते पळाले. फळी पाण्यावर सपकन बसली, त्यांनी दोन्ही पाय टाकले, आणि ते गेले. जातच राहिले. हात थोडे पसरलेले, मान सरळ, चेहरा फरशी पसंत करतानाचा. एकेचाळीस पावलं भरली. जावयांनी मोजली आणि मग स्वतःचा चष्मा काढून पिशवीत ठेवला. ते दोनच पावलं गेले आणि आडवे झाले. उठताना ते मोठमोठ्याने हसत होते. मुलगी नंतर म्हणाली, हा असा हसतो हे लग्नाच्या चार वर्षांत तिला कळलं नव्हतं, आणि तिला ते हसू फारसं आवडलं नाही. तोवर तीही दोनदा पडली होती.

मिस्त्रीणबाई पिशवीजवळ उभ्या होत्या.

"चला, निघा," त्या म्हणाल्या.

"अगं, पाणी बघ किती लांब आहे."

"समोर नका बघू. मागे बघा."

मिस्त्रींनी मागे पाहिलं. येताना ओलांडलेल्या खोलगट पट्ट्यात आता पाणी चमकत होतं.

"बोटभर आहे, गं. एकदा जातो आणि निघूच."

मिस्त्रीणबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नवऱ्याची पँट उचलली, सदरा उचलला, चपलांचे चार जोड उचलले, जावयांचा चष्मा आणि गाडीची किल्ली पिशवीत आहेत याची खात्री केली आणि त्या कारखान्याच्या दिशेने चालू लागल्या. थोड्या वेळाने बाकीचे तिघंही निघाले.

पट्ट्यात त्या शिरल्या तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. मुलगी आणि जावई शिरले तेव्हा मांडीला. मिस्त्री शेवटी होते. त्यांच्या कमरेला पाणी लागलं आणि ते नुसतं लागत नव्हतं, ढकलत होतं. फळी हातातून सुटू बघत होती. पलीकडून मुलगी ओरडली, "बाबा, सोडा ती!" मिस्त्रींनी सोडली नाही. जावई परत पाण्यात उतरले, त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं आणि सासऱ्यांना फळीसकट ओढून काढलं.

कुंपणापाशी चौघं उभे राहिले. दहा मिनिटांत मघाची फरशी नव्हती. मघाशी आपण तिथे गेलोच नव्हतो, असं समुद्राकडे पाहून त्यांना वाटत होतं. मिस्त्रींचे ओठ निळे झाले होते. तीस वर्षं लोकांना ढाळ शिकवणाऱ्या माणसाने एका जागी मगभर पाणी ओतून सगळ्या किनाऱ्याला पास केलं होतं. थंडीपेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

"तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"त्या ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं ना. ओहोटीनंतर तीन तास, आणि पाणी मागून येतं."

"मग कालच बोलली का नाहीस?"

"तुमचं किलोमीटरवर भांडण चाललं होतं. मी घड्याळ लावून ठेवलं." त्यांनी सदरा पुढे केला. "सहा वर्षं किनाऱ्यावर बसून मी काय तुम्हालाच बघत होते? पाणी कधी येतं, कधी जातं, वाळूवर किती मिनिटं टिकतं, सगळं पाठ आहे. कुणी विचारलं नाही."

मिस्त्रींनी सदरा घातला. बटणं लावायला बोटं वळत नव्हती, ती बाईंनी लावली.

"उद्या कुठे जायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

उरलेल्या आठवड्यांत मिस्त्री आणि मिस्त्रीणबाईंनी सात किनारे शोधले. जावयांच्या यादीत त्यातला एकही नव्हता. मिस्त्री ढाळ बघत, तोही आता चार ठिकाणी. मिस्त्रीणबाई भरती-ओहोटीचा तक्ता फ्रिजवर लावून त्यावर शाळेसारखे तास आखत. वस्तुसंग्रहालयाची यादी त्याखाली गेली. मधल्या एका सकाळी ते मुद्दाम ट्रॅक्टरवाल्याला भेटायला गेले. मिस्त्री काही बोलणार, तोच बाईंनी पुढे होऊन तीन बोटं दाखवली, हात मागून गोल फिरवला, मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली आणि नवऱ्याच्या कमरेकडे बोट केलं. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली. मग त्याने वाळूवर आणखी एक नकाशा काढला, पण या वेळी मिस्त्रींकडे पाठ करून, फक्त बाईंसाठी.

त्यानंतर ते आणखी दोन देशांत जाऊन आले. आता आपल्याकडची फळीवाली पोरं परदेशी निघाली की फोन करतात, आणि फोनवर काकूंनाच मागतात. काकू तीन गोष्टी विचारतात: परत यायला किती चालावं लागतं, पाणी कुठून शिरतं आणि कपड्यांपाशी कोण बसणार. कुणी बसणार नसेल तर त्या जाऊ नका म्हणतात आणि फोन ठेवतात.

यंदा मुलीने तिकिटं काढली तेव्हा जरा घाबरतच विचारलं, "आई, या वेळी एखादं वस्तुसंग्रहालय तरी?"

मिस्त्रीणबाईंनी तक्ता पाहिला. त्या आठवड्यात ओहोटी रोज दुपारनंतर होती.

"सगळ्या सकाळी रिकाम्या आहेत," त्या म्हणाल्या. "काय दाखवायचं ते दाखव."