जागा होती

शनिवार, ३० मे. दुपारची जेवणं उरकून मुक्ताच्या एप्रनवर लाल दोऱ्यानं तिचं नाव घालत बसले आहे. नव्या शाळेची यादी समोर आहे — दोन एप्रन, दोन टॉवेल, रबरी चपला, सगळ्यावर नाव हवं. सोमवारी शाळा! खरं सांगू? मुक्तापेक्षा मलाच धीर नाही. सुई दोनदा बोटात गेली.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, आणि श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, तर नाहीच.

मुक्ता दहा वर्षांची आहे. गतिमंद. हा शब्द मला आता लिहिता येतो. मारतहळ्ळीतली ही शाळा लहानशी, एका जुन्या बंगल्यात भरते. प्रवेशाआधी मुलाला एक सकाळ आईबापांशिवाय ठेवून घेतात. परवा मुक्ताला ठेवलं. बारा वाजता ती बाहेर आली ती कोपरापर्यंत पिठानं माखलेली, आणि इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत बोलत होती! पुरी मीच लाटली, फुगली, एक जळली, अक्का हसल्या. एवढं सलग ती कधी बोलली होती? मला आठवेना.

शाळा चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्काच म्हणतात. घरी मराठी, पण तीन पिढ्या बंगळूरच्या. “स्वल्प उशिरा आणलंत,” निघण्याआधी आम्हा दोघांपुढे फॉर्म सरकवत त्या म्हणाल्या, “पण सरी, ठीक आहे, आली ना पोर.”

श्रीकांतला राहवलं नाही. “अक्का, ही तीन वर्षांपूर्वीच घेऊन आली होती हो. तुम्हीच जागा नाही म्हणालात.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये पेन शोधायला लागले — पेन हातातच होतं.

“म्हटलं असेल,” त्या म्हणाल्या. “इथे सही करा.”

जागा होती.

तेव्हा श्रीकांत दौऱ्यावर होता. अशीच एक सकाळ मुक्ताला ठेवून घेतलं आणि अक्का म्हणाल्या, सोमवारपासून पाठवा, बस तुमच्या फाटकापर्यंत येईल. बस आवारातच उभी होती. दोन्ही बाजूंना हातभर उंचीची अक्षरं, कन्नडात आणि इंग्रजीत — विशेष मुलांची शाळा. ती बस आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी आहे आणि बाल्कन्यांतून कोण कोण वाकून बघतंय, एवढंच मला दिसलं. संध्याकाळी श्रीकांतला फोनवर सांगितलं, “जागा नाही म्हणाले.” तीन शब्द. मी स्वतः गाडीनं सोडू शकले असते की नाही? असते. पण मग ‘कुठल्या शाळेत घातलं?’ याला काय उत्तर देणार होते?

मग मोठ्या नावाची शाळा. तिथे मदतनीस बाई शेजारी बसून मुक्ताच्या वह्या स्वतःच लिहायच्या. सुबक अक्षर. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तरी मी त्या वह्यांवर पालकांची सही करत राहिले — वर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. मुक्ता शेवटच्या बाकावर खोडरबराचे तुकडे करत बसायची. तीन वर्षं. बाकीची मुलं तिला काय म्हणायची, ते मला माहीत होतं.

भीती वाटली होती का? हो. लाज वाटली होती का? हो — तिची. माझ्याच मुलीची.

रविवार. सकाळी चहा ओतण्याआधीच श्रीकांतला सांगितलं.

“बसवरच्या पाटीसाठी?” तो म्हणाला.

“हो.”

मग त्यानं मोबाइल उचलला, अक्कांना फोन लावला आणि माझ्यासमोर माफी मागितली — त्या दिवशी तुम्हाला उगाच बोललो म्हणून. एवढं बोलून फोन माझ्यापुढे धरला.

मी घेतला.