फोरमनचं तिसरं मशीन

निवृत्त झाल्यावर फोरमननी वर्षभरात तीन मेटल डिटेक्टर आणले. गल्ली म्हणाली, झालं, यांना गुप्तधनाचं वेड लागलं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. ते मागच्या अंगणात मशीन घेऊन फिरायला लागले की आमच्या स्वयंपाकघरात 'टुंई टुंई' ऐकू यायचं. त्यांना मात्र ते धड ऐकू येत नसे. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं प्रेसवर काढली, कान तिथेच ठेवून आले. बारीक, चिरका आवाज तर त्यांच्यासाठी जगात उरलाच नव्हता. तोंडावर सगळे त्यांना फोरमन म्हणायचे, पाठीमागे ठार बहिरा.

गुप्तधनाची गोष्ट खोटी होती. त्यांना आईची अंगठी शोधायची होती, एकवीस वर्षांपूर्वी हरवलेली.

अंगठी हरवली त्या दिवशी मी त्यांच्याच घरात होतो, शिडी मागायला गेलो होतो. म्हातारीने घर डोक्यावर घेतलं होतं. सगळं उलटंपालटं करून झाल्यावर ती मधल्या खोलीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाहेरचं कोणी आलं नाही. माझी लेक सासरी. मग राहिलं कोण?"

राहिली फोरमनची बायको. ती दारात पीठभरल्या हातांनी उभी होती.

"आई, मी नाही घेतली."

"मी कुठे तुझं नाव घेतलं? चोराच्या मनात चांदणं."

फोरमन बायकोकडे बघून म्हणाले, "पेटी उघड."

तिने पेटी उघडली. त्यांनी माझ्यादेखत आणि नऊ वर्षांच्या लेकीदेखत एकेक साडी झटकली. काहीच निघालं नाही. बायकोने हात पुसले, हातातल्या दोन बांगड्या काढून सासूच्या मांडीत ठेवल्या आणि म्हणाली, "हेही बघून घ्या. पेटी झाली, आता पोट फाडायचं तेवढं राहिलंय."

त्या बांगड्या तिने परत घातल्या नाहीत, दुसरा दागिनाही कधी घातला नाही. आणि त्या दिवसापासून सासूच्या खोलीत ती एकटी कधी गेली नाही. झाडायचं असलं तरी दारात केरसुणी घेऊन उभी राहायची आणि हाक मारायची, "कोणीतरी या इथे, मला आत झाडायचंय." कोणी आलं की आत जायची, झाडायची, रिकामे तळहात दाखवून बाहेर यायची. पंधरा वर्षं. आधी आधी आम्हाला ते बघवत नसे, मग सवय झाली. म्हातारीही पाहुण्यांना हसत हसत सांगायची, "पर्स जवळ ठेवा हो, आमच्या सुनेच्या हाताला गोंद आहे."

पंधरा वर्षांनी बायकोला मोठं दुखणं लागलं. शेवटच्या आठवड्यात म्हातारी तिच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसली. "आता तरी सांग बाई, कुठे ठेवलीस. बरोबर थोडीच नेणार आहेस?"

फोरमन पायथ्याशी उभे होते. ते म्हणाले, "सांगून टाक. मन मोकळं होईल."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती चार दिवस जगली. पाणी हवं असलं तर लेकीकडे मागायची. नवऱ्याशी बोलली नाही.

हे मला फोरमननी स्वतः सांगितलं, पहिलं मशीन आणलं तेव्हा. निवृत्तीनंतर कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर ते समुद्रावर गेले होते. तिथे एक माणूस वाळूत मशीन फिरवत होता, आणि एका बाईचं हरवलेलं कानातलं त्याने त्यांच्या डोळ्यांसमोर काढून दिलं. फोरमननी त्याला विचारलं, "जमिनीत किती वर्षांपूर्वीचं सापडतं?"

तो म्हणाला, "सोनं काय कुजतं होय काका?"

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. घर कोपरा न कोपरा शोधलं होतं, पण मागचं अंगण कोणी उकरलंच नव्हतं.

पहिलं मशीन जुन्या बाजारातलं, हलकं, खेळण्यासारखं. ते प्रत्येक खिळ्यावर ओरडायचं. आमच्या अंगणांत एके काळी लोहाराची भट्टी होती, माती लोखंडाच्या कचऱ्याने भरलेली. पंधरा दिवसांत फोरमननी बादलीभर खिळे आणि बाटल्यांची झाकणं काढली. गल्लीतल्या लोकांनी कौतुकाने आणखी झाकणं आणून त्यांच्या अंगणात टाकली. ते वाकून वाकून उकरत होते आणि गच्चीवरून लोक हसत होते. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दुसरं मशीन नवंकोरं, पडदा असलेलं. लोखंडाला जाड आवाज, नाण्याला बारीक, शिवाय पडद्यावर आकडा. फोरमन कारखान्यातला माणूस, तपासल्याशिवाय माल उचलणारा नाही. त्यांनी ओळखीच्या सोनाराकडून आईच्या अंगठीसारखीच एक पातळ अंगठी चार दिवस मागून आणली. अंगणात रांगेने खड्डे केले: एकात नाणं, एकात अंगठी, एकात सिगारेटच्या पाकिटातली चांदी, एकात झाकण, आधी चार बोटं खोल, मग वीत. वहीत लिहीत गेले. नाणं मशीनने झकास ओळखलं, पण तो बारीक आवाज त्यांना ऐकूच येईना. पडदा बघावा, तर अंगठीला आणि सिगारेटच्या चांदीला एकच आकडा. वीतभर खाली लोखंडाच्या मातीत तर आकडा नुसता नाचायचा.

"हे मशीन चांगल्या कानांच्या माणसाचं," ते मला म्हणाले. "चांगल्या मातीतल्या."

तिसरं त्यांना पाणीखात्यातल्या एका निवृत्त लाइनमनकडे मिळालं. जमिनीखालचे पाइप शोधायचं, जुनं, जड, पडदा नाही, आकडा नाही. जमिनीत धातू लागला की मशीनची मूठ थरथरायची, बस. लाइनमनने बजावलं, "हे काय आहे ते सांगणार नाही. आहे एवढंच सांगेल." फोरमननी तेच खड्डे पुन्हा केले. दुसऱ्या दिवशी मला हाक मारली, डोळे बांधून घेतले आणि म्हणाले, "तू माल बदलत जा, मी ओळखतो." खिळ्याला म्हणे मूठ अडखळत थरथरते, झाकणाला पसरट, अंगठीला एकदाच, स्वच्छ. दहात आठदा बरोबर आले. पस्तीस वर्षं प्रेसच्या दांड्यावर हात ठेवून साचा कुठे घासतोय ते ओळखणारा माणूस. कान गेले तरी पंजे शाबूत होते. त्यांचा चेहरा मी इतका खूश कधी पाहिला नव्हता. मशीनच्या मुठीला त्यांनी जुन्या हातमोज्याचं कातडं शिवलं आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देईनासे झाले.

अंगठी सापडली ती अकराव्या दिवशी, दुपारी. मागच्या पायरीच्या दगडात आणि भिंतीत दोन बोटांची फट होती. तिथे मूठ थरथरली. एकदाच, स्वच्छ. पहार लावून आम्ही दोघांनी दगड सरकवला. खाली काळी माती, केसांचं कुजकं गुंतवळ, फणीचा तुटका तुकडा आणि अंगठी.

फोरमन तिथेच बसले. म्हणाले, "आई इथेच वेणी घालायची. रोज दुपारी. तेलाचा हात लागू नये म्हणून अंगठी काढून पायरीच्या कडेला, त्या कठड्यावर ठेवायची. मी लहानपणापासून बघत आलो."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "रोज बघत होतो रे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

ते आत गेले, मागोमाग मी. म्हातारी शहाऐंशीची, अंथरुणावर, पण जीभ तशीच धारेची. त्यांनी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. "आई, पायरीखाली होती. वेणी घालताना तुझीच पडली."

म्हातारीने अंगठी उजेडात धरली, पदराने पुसली. मग म्हणाली, "बघ. मी म्हणत नव्हते? तिनेच पुरून ठेवली असणार. पचली नाही शेवटी."

"आई, तुझी फणी होती बरोबर!"

"मग फणीही तिनेच नेली."

फोरमन ओरडले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आईवर ओरडताना मी ऐकलं. म्हातारीने शांतपणे बोटात अंगठी सरकवून पाहिली, सांध्याशी अडली. "साबण आण," ती म्हणाली. आणि ते गेले. साबण आणला, आईचं बोट भिजवलं आणि अंगठी घालून दिली. सवयच तशी होती.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. आईच्या मागे ती दूरच्या शहरात निघून गेली होती, वर्षाकाठी एकदा बोलायची. त्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाबा, बोला."

"अगं, अंगठी सापडली. आईने घेतली नव्हती."

ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची होते तेव्हाही माहीत होतं. तुम्हाला मशीन लागलं."

"मी वर्षभर शोधत होतो गं..."

"तिच्यासाठी शोधलीत का, बाबा? तुमची झोप लागावी म्हणून शोधलीत. लागते का बघा."

फोन ठेवला गेला. फोरमन मात्र कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिले. त्यांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाहीये. मी सांगितलं तेव्हा त्यांनी फोन कानावरून काढला.

म्हातारी आणखी दोन वर्षं जगली. भेटायला येईल त्याला बोट पुढे करून सांगायची, "सुनेने पुरली होती, माझ्या लेकाने उकरून काढली." फोरमन सुरुवातीला खरं काय ते सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि म्हातारीचंच ऐकायचे. पुढे त्यांनी बोलणं सोडलं. तिला भरवायचे, पुसायचे, कुशीवर वळवायचे. ती गेली तेव्हा धाकट्या बहिणीने पुन्हा साबण लावून अंगठी काढली आणि विचारलं, "दादा, तुला नको ना?" ते नको म्हणाले.

पहिली दोन मशीनं त्यांनी देऊन टाकली. तिसरं घेऊन ते लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायला लागले, फुकट. गेल्या महिन्यात त्यांना मोठ्या इमारतीतल्या एका बाईने बोलावलं, तिच्या गळ्यातली साखळी हरवली होती. मीही सोबत गेलो. मशीन खांद्यावरून उतरवण्याआधी फोरमननी विचारलं, "घरात कोणावर संशय घेतलात का?"

"संशय कसला, खात्रीच आहे. कामवालीला परवाच काढून टाकली."

साखळी अर्ध्या तासात सापडली, खालच्या बागेत, मालकिणीच्याच खुर्चीजवळच्या गवतात. बाई आनंदाने रडायलाच लागली. फोरमन म्हणाले, "आता त्या कामवालीला कळवा."

"आता कशाला? उगीच परत कामाला यायला बघेल. दुसरी लावलीय मी."

"मग मी जाऊन सांगतो. राहते कुठे?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाईकडे. चार वर्षं ती त्यांच्या घरी रोज येत होती, पण ती कुठून येते ते दोघांनाही माहीत नव्हतं. फोरमन खाली उतरून पहारेकऱ्यापाशी गेले आणि तिचा पत्ता विचारायला लागले. त्यालाही ती कुठल्या मजल्यावर कामाला यायची तेवढंच माहीत होतं.